आधी भाव कोणी सांगायचा?

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये जीन्सचा भाव विचारा. दुकानदार आधी गिऱ्हाइकाचे बूट बघतो, मग आकडा सांगतो. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याची किंमतही अशीच ठरते.

समजा, भाड्याचा गाळा, चाळीस मशिनी, दोन भाऊ भागीदार. शेअर बाजारात नाव नाही, म्हणजे संध्याकाळी भाव दाखवणारी पाटी नाही. इन्कम टॅक्सवाल्याने विचारलं, तर धंदा आयसीयूत. बँकेने विचारलं, तर तीन वर्षं पडून असलेल्या पँटीही ‘स्टॉक’. सोयरीक जुळवायला पाहुणे आले, की गाळासुद्धा स्वतःचा!

भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि सीए आले. त्यांच्याकडे तीन तराजू. पहिला, मालमत्तेतून देणी वजा: मशिनी भंगाराच्या भावात गेल्या. दुसरा, पुढच्या पाच वर्षांच्या नफ्याची आजची किंमत: जिथे वालधुनी नदीच्या प्रदूषणापायी जीन्स धुणाऱ्या युनिटांना टाळं लागलं, तिथे पाच वर्षांचा अंदाज! तिसरा, तसाच धंदा कितीला विकला गेला: कागदावर एक आकडा, चहावर दुसरा.

नफा तरी खरा? थोरला पगार घेत नाही, वहिनी हिशेब फुकट लिहिते, आणि मुलाची गाडी ‘वाहतूक खर्चात’ धावते. पगार वजा करा, गाडीचा खर्च परत मिळवा, मग कुठे खरा नफा दिसतो.

राहिली गुडविल. ती थोरल्याच्या मोबाइलमध्ये. तो सिम घेऊन निघाला, की उरतात मशिनी. सिंधमधली दुकानं मागे टाकून लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्यांच्या या गावाचं १९४९ साली उल्हासनगर असं बारसं झालं. धंदा भिंतीत नसतो, माणसात असतो, हे त्यांना सीएच्या आधीच ठाऊक होतं.

धाकटा म्हणाला, “पाच कोटी.” थोरला म्हणाला, “पन्नास लाख, तेही तू भाऊ म्हणून.”

तेव्हा दोघांच्या आई, अम्मा बोलल्या, “एकाने पूर्ण धंद्याचा भाव सांगायचा. त्या किमतीने पहिल्याचा वाटा घ्यायचा की आपला द्यायचा, ते दुसरा ठरवेल.”

कमी सांगावा, तर आपलाच वाटा स्वस्तात जातो. जास्त सांगावा, तर समोरचा महागात गळ्यात मारतो. खरी किंमत काढायची एवढी साधी युक्ती. सीएंनी फाइल मिटली.

आता भावांत किमतीवरून वाद उरलेला नाही. आधी भाव कोणी सांगायचा, एवढ्यावरच अडलंय.