तक्रारी : निरंक

एका विद्यापीठाचा वार्षिक अहवाल हाती पडला. कसा पडला ते विचारू नका. आमच्या रद्दीवाल्याचे उच्च शिक्षणाशी घनिष्ठ संबंध आहेत. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण प्रत्येकाला ते आपलंच वाटेल आणि कुणाचंच फारसं चुकणार नाही. अहवालात 'सुरक्षित परिसर' नावाचं प्रकरण आहे आणि प्रकरणात तक्ता. आगीच्या घटना : निरंक. प्रयोगशाळेतील अपघात : निरंक. लैंगिक छळाच्या तक्रारी : निरंक. सलग पाच वर्षं. एवढं निरंक हल्ली मठांतही सापडत नाही.

यातलं आगीचं निरंक मी जवळून पाहिलंय. विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या दिवशी रसायनशास्त्राच्या इमारतीत अग्निशामक सिलिंडर टांगण्याचं काम चालू होतं. शिडीवर एक सर, खाली शिडी धरायला दुसरे सर. दोघेही तासिका तत्त्वावरचे. कायम प्राध्यापकांनी शिडीवर चढावं अशी तरतूद सेवाशर्तींत नाही. सिलिंडरच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर पुन्हा भरण्याची तारीख होती, ती उलटून दोन दिवाळ्या झालेल्या. दाब दाखवणारा काटा हिरवा पट्टा सोडून कधीच लाल पट्ट्यात जाऊन बसलेला.

"काटा भिंतीकडे करा," खालून कुलसचिव म्हणाले. सिलिंडर फिरवण्यात आला.

शेजारी वाळूच्या बादल्या. बाहेरून नियमाप्रमाणे लाल, आतून पान खाणाऱ्यांच्या सहकार्याने लाल. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही सगळी यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो दिलेला आहे. दाखला सुस्थितीत आहे.

प्रयोगशाळेतला वायू बाहेर खेचणाऱ्या पंख्यात कबुतराने घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत पंखा लावू नये असं विभागाच्या बैठकीत एकमताने ठरलं आणि इतिवृत्तात त्याची नोंद 'जैवविविधता संवर्धन' अशी झाली. आम्लाच्या बाटल्या उघडताना मुली ओढणी नाकाला लावतात, मुलं श्वास रोखतात. त्यामुळे अपघात होत नाही. फक्त खोकला होतो, आणि खोकल्याला तक्त्यात रकाना नाही.

अशा वातावरणात विद्यापीठाने यंदा 'औद्योगिक सुरक्षा' हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला, हे ओघानेच आलं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला कधीही आत या, कधीही बाहेर पडा, अशी मोकळीक दिली आहे. एका वर्षाने निघालात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलंत तर ऑनर्स. दर सत्राला 20 ते 22 श्रेयांक, ते श्रेयांकांच्या बँकेत जमा. धोरणाला बाहेर पडायच्या इतक्या वाटा आहेत, आणि इमारतीला एक. मागच्या जिन्याला कुलूप आहे. तिथे जोडपी बसतात म्हणून ते घातलं, परीक्षेत तिथूनच चिठ्ठ्या येतात म्हणून ठेवलं. किल्ली वॉचमनकडे असते, वॉचमन कंत्राटदाराकडे असतो आणि कंत्राटदार सध्या मुंबईला गेलाय. उद्या खरंच धूर झाला तर औद्योगिक सुरक्षेचे विद्यार्थी एका वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतील, जिन्याने मात्र नाही.

इथवर हसता येतं. तिसऱ्या निरंकाचं गणित जरा वेगळं आहे.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली. न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 च्या विनियमांत त्यावर उच्च शिक्षणाचा साज चढवला. समितीची अध्यक्ष महिलाच हवी; विद्यापीठात ती प्राध्यापक दर्जाची, महाविद्यालयात निदान सहयोगी प्राध्यापक. शिवाय कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांपैकी कुणीही सदस्य नको, म्हणजे समितीवर दबाव येणार नाही. हेतू उत्तमच. पण वर्षानुवर्षं भरती न झालेल्या विद्यापीठात विभागागणिक एक-दोन कायम माणसं उरली आहेत. जी बाई प्राध्यापक आहे तीच विभागप्रमुख आहे, तीच अधिष्ठाता आहे, वसतिगृहाचा प्रभारही तिच्याकडेच आहे. बाहेरच्या संस्थेतून अध्यक्ष आणायची मुभा नियमात आहे. त्या संस्थेतल्या बाईंकडे आधीच तीन समित्या आहेत.

तरीही समिती आहे. तिच्या नावाचा फलक प्रशासकीय इमारतीत, लोखंडी कपाटामागे आहे. कपाट सरकवलं तर सगळी नावं वाचता येतात. त्यातल्या एक बाई निवृत्त होऊन नातवाकडे अमेरिकेत आहेत आणि दिलेला दूरध्वनी क्रमांक फिरवला की झेरॉक्सवाला बोलतो. विद्यार्थ्यांमधून तीन प्रतिनिधी निवडून घ्यायचे असतात. त्यांची निवड विद्यार्थी कल्याण विभागाच्या शिपाईमामांनी केली. मामांचा अंदाज चुकत नाही म्हणे.

आता तक्रार करणार कोण ते बघा. शिकवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त चेहरे तासिकेवरचे. जूनमध्ये मुलाखत, जुलैत नेमणूक, एप्रिलमध्ये कार्यमुक्ती, आणि मानधन निधी येईल तेव्हा. कायदा या बाबतीत भलताच उदार आहे: कर्मचारी कायम असो, हंगामी असो, रोजंदारीवर असो, मोबदला मिळत असो वा नसो, तो कर्मचारीच. म्हणजे दिवाळीपर्यंत एक पैसा न मिळालेली तासिकेवरची मॅडमही पूर्ण संरक्षणास पात्र. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, समितीने नव्वद दिवसांत चौकशी संपवायची. तिने फेब्रुवारीत तक्रार दिली तर चौकशी मे महिन्यात संपेल. तोवर ती कार्यमुक्त झालेली असेल, आणि जूनच्या मुलाखतीत टेबलापलीकडे विभागप्रमुख बसलेले असतील. तक्रार त्यांच्याविरुद्ध असेलच असं नाही. त्यांच्या मित्राविरुद्ध असली तरी पुरतं. "मॅडम, यंदा वर्कलोडच कमी झालाय हो," एवढं ते हळहळून म्हणतील. कायद्याने सगळ्या प्रकारच्या शिक्षा सांगितल्या आहेत, वर्कलोड कमी होण्यावर कलम नाही. संशोधन करणाऱ्या मुलीची गत याहून अवघड. तिच्या प्रबंधावर, शिष्यवृत्तीच्या हजेरीवर आणि परिषदेला जायच्या परवानगीवर सही एकाच माणसाची असते. कोऱ्या तक्त्यामागचं गुपित बहुधा या सह्यांत आहे. अहवालात मात्र त्याचं श्रेय 'जनजागृती व्याख्यानमालेला' दिलंय. व्याख्यानाला महिलांची उपस्थिती शंभर टक्के होती. पुरुष प्राध्यापकांना त्या वेळी पेपर तपासायचे होते.

आणि जिथे समिती खरोखर बसते तिथे? गोवा विद्यापीठातलं 2009 मधलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 12 मे 2023 रोजी निकाल आला: चौकशी समितीने घाई केली, ज्याच्यावर आरोप आहेत त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून कारवाई रद्द, चौकशी पुन्हा. समितीने घाई केली हे ठरायला चौदा वर्षं लागली. नैसर्गिक न्याय पाळलाच पाहिजे यात वाद नाही. चौकशी कशी करायची हे समितीला आधी शिकवलं असतं तर दोन्ही बाजूंचं आयुष्य वाचलं असतं. त्याच निकालात न्यायालयाने दहा वर्षं होत आली तरी या कायद्याची अंमलबजावणी धड नाही यावर ताशेरे ओढले आणि केंद्राला, राज्यांना समित्या आहेत की नाहीत ते तपासायला सांगितलं. विद्यापीठांनी लगेच प्रतिसाद दिला. संकेतस्थळावर समितीची पीडीएफ चढली. ती तिरकी स्कॅन केलेली आहे, पण आहे.

आमच्या विद्यापीठाला त्या निरंक तक्त्याबद्दल नॅकच्या समितीने शाबासकी दिली. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असा हिशेब उच्च शिक्षणात सर्रास चालतो. याच न्यायाने कुलूपबंद दवाखान्याच्या गावात कुणी आजारी पडत नाही.

तेव्हा पालकहो, प्रवेशाला जाल तेव्हा दारावरची श्रेणी वाचून परत फिरू नका. मागचा जिना उघडा आहे का ते स्वतः चढून बघा. तक्रार समितीचा नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावणं कायद्याने बंधनकारक आहे, तो कुठे आहे ते विचारा. गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, हेही विचारा. "चार आल्या, तीन निकाली निघाल्या, एक चालू आहे," असं कुणी न अडखळता सांगितलं, तर बिनधास्त फी भरा.