नागपूर बरोबर होतं

वरच्या कोर्टाचा शब्द शेवटचा असतो. मान्य. पण शेवटचा शब्द खराच असतो, असं कोणी सांगितलं?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने तरी कधी सांगितलं नसेल. त्याने निकाल वर जाताना आणि फिरताना पाहिलेत.

सुरुवात चिमूरपासून. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. 'छोडो भारत' आंदोलनात गाव पेटलं, अधिकारी मारले गेले. मग फौज आली आणि गावातल्या बायाबापड्यांवर अत्याचार झाले. त्याची नुसती चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळींना ६३ दिवस उपोषण करावं लागलं. नागपुरात उच्च न्यायालय १९३६ पासून होतं. पण खटले चालले विशेष न्यायालयांत, आणि ती न्यायालयं आणणाऱ्या वटहुकमाने उच्च न्यायालयांचे हातच बांधले होते.

सरकार ज्या कोर्टाला टाळतं, ते कोर्ट कामाचं असतं.

१९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली. नागपूरची राजधानी गेली, स्वतंत्र उच्च न्यायालयही गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ मिळालं. सिव्हिल लाइन्समधली इमारत तीच राहिली. लोक अजून तिच्या घुमटाचं कौतुक करतात. आत काय घडलं, ते किती जणांना ठाऊक आहे?

२६ मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्याने ओळखलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. कारण? अंगावर जखमा नाहीत, मुलीने आरडाओरडा केला नाही.

पोलीस ठाण्यात पोलिसाविरुद्ध ओरडायचं, ते कोणाला ऐकू जावं म्हणून?

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. नागपूरला जे कळलं होतं, ते संसदेलाही कळलं. त्या मुलीच्या पदरात मात्र काहीच पडलं नाही.

आणीबाणीतही तेच. स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं, असं ज्या उच्च न्यायालयांनी म्हटलं त्यांत नागपूर खंडपीठही होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केलं. तो निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

चूक कबूल करायला ४१ वर्षं. तोवर आत काढलेले दिवस कोण परत देणार?

आता अलीकडचं. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या खटल्यात, प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासह पाच जणांना जन्मठेप दिली, सहाव्याला दहा वर्षं. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाचे न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांनी सगळ्यांना सोडलं. खटल्यासाठी कायद्याने लागणारी मंजुरीच धड नव्हती. दुसरा दिवस शनिवार, सुटीचा. तरी सर्वोच्च न्यायालय खास बसलं आणि निकाल थांबवला.

एवढी घाई चाकाच्या खुर्चीतल्या साईबाबांसाठी.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. ५ मार्च २०२४ रोजी न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांनी पुन्हा सगळ्यांना सोडलं. न्यायाधीश वेगळे, निकाल तोच. या वेळी सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती नाकारली.

मधले जवळजवळ सतरा महिने तुरुंगात गेले. गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी आरोपी तर नागपूरच्या पहिल्या निकालाआधीच कैदेत मेला होता. साईबाबा सुटले आणि सात महिन्यांनी गेले. निर्दोष सुटका झाली ती एवढीच.

नागपूरचं सगळंच बरोबर, असं नाही. २०१७ च्या शिक्षेवरच्या अपिलाचा निकाल यायला तिथेही पाच वर्षं लागली. सिरोंच्याच्या माणसाला अजूनही खंडपीठ गाठायला अख्खा दिवस मोडावा लागतो. पण तीन वेळा दुबळ्याची बाजू नागपूरला दिसली आणि दिल्लीला दिसायला उशीर झाला, हे नोंदीत आहे.

वरच्या कोर्टाने खालचा निकाल फिरवावा, तो त्याचा अधिकार आहे. पण उच्च न्यायालयाने सोडलेल्या माणसाला आत ठेवायचं असेल, तर पुढची सुनावणीही तितक्याच तातडीने व्हायला हवी. तारखा पडत राहतील आणि तो गजाआड बसून राहील, हे चालणार नाही.

एका शनिवारी बसून स्थगिती देता येते. मग पुढच्या शनिवारी बसून निकालही देता येतो.