उन्हाळी संशोधन, भर पावसात

अमेरिकेतील महाविद्यालयांना मेच्या मध्यावर सुट्टी लागते, ती ऑगस्ट संपत येईपर्यंत. एवढ्या सुट्टीत वयात आलेल्या मुलाचे करायचे काय, हा प्रश्न तिथल्या पालकांप्रमाणे सरकारलाही पडला असावा. नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८७ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आरईयू’ ही योजना सुरू केली. तिच्यात विद्यार्थ्याला एखाद्या संशोधकाच्या हाताखाली आठ-दहा आठवडे काम मिळते, राहण्या-जेवणाची सोय होते आणि वर विद्यावेतनही मिळते. बहुतेक जण देशातल्याच एखाद्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतात. ज्यांना पृथ्वीची काळजी असते आणि घरच्यांपासून लांबही जायचे असते, त्यांच्यासाठी परदेशातली केंद्रे आहेत. कोस्टा रिकातले ला सेल्वा हे त्यांपैकी एक, आणि या विषयाच्या अभ्यासाला फार सोयीचे. कारण उन्हाळी संशोधनातल्या बहुतेक सगळ्या अडचणी तिथे एकाच आवारात पाहायला मिळतात.

ला सेल्वा कॅरिबियन बाजूच्या सखल भागात आहे. जागा सुमारे १६०० हेक्टर. मूळची ही लेस्ली हॉल्ड्रिज या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाची शेतजमीन. तापमान आणि पाऊस यांचा हिशेब करून साऱ्या पृथ्वीवरच्या जंगलांच्या आणि माळांच्या चौकटी १९४७ साली आखून देणारे हॉल्ड्रिज ते हेच. एवढी पृथ्वी कागदावर मांडून झाल्यावर माणसाने स्वतःसाठी एखादी कोरडी, हवेशीर चौकट निवडली असती. हॉल्ड्रिज यांनी ही निवडली आणि तिथे कोको लावला. १९६८ मध्ये ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज’ या संस्थेने ती जमीन विकत घेतली. अमेरिकेतली काही विद्यापीठे आणि कोस्टा रिका विद्यापीठ यांनी मिळून ही संस्था १९६३ मध्ये काढली होती.

ला सेल्वात वर्षाला सुमारे चार मीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत मोकळा होतो. ला सेल्वाचा पाऊस बाराही महिने येत-जात राहतो. त्यातल्या त्यात कोरडे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल. जून, जुलै आणि ऑगस्ट हे चांगल्या पावसाचे. म्हणजे अमेरिकी विद्यार्थ्याला सवड असते तेव्हा आकाशाला मात्र सवड नसते. उन्हाळी संशोधन म्हणून जे ओळखले जाते, ते गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून केले जाते.

सान होसे या राजधानीपासून केंद्र रस्त्याने सुमारे दोन तासांवर आहे. हे दोन तास दरड कोसळलेली नसतानाचे. महामार्ग ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि पावसात तो वरचेवर बंद पडतो. घाट उतरल्यावर विद्यार्थी कॅमेरा सरसावून बसतो, आणि त्याला दिसतात अननसाचे मळे. ताज्या अननसाच्या निर्यातीत कोस्टा रिका जगात पहिला आहे आणि सारापिकीचा हा परिसर त्यात आघाडीवर. जंगल तोडून केलेल्या या एकपिकी शेतीवर गाडीत चिडून चर्चा होते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला अननस येतो. तो सर्वांत आधी संपतो.

नाश्त्याचा कायमचा पदार्थ ‘गायो पिंतो’. काळा घेवडा शिजवायचा आणि आदल्या दिवशीचा भात त्यात परतायचा. वर ‘लिसानो’ नावाचा तपकिरी सॉस. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी त्याचे फोटो घरी पाठवतात, तिसऱ्या आठवड्यात पाठवत नाहीत. न्यू जर्सीतल्या मराठी घरातून आलेल्या मुलीजवळ आईने दिलेली मेतकुटाची बरणी असली, तर तिचा भाव मधल्या काळात बराच चढतो. पुढे हवेतल्या दमटपणाने मेतकुटाचा खडा होतो. चामड्याच्या बुटांवर तर त्याआधीच बुरशी धरलेली असते. दुर्बिणी आणि कॅमेरे कोरड्या कपाटांत ठेवावे लागतात. विद्यार्थ्यांना ठेवायला तसे कपाट नाही.

आता मूळ विषय, म्हणजे संशोधन. विद्यार्थी विमानातून उतरतो तेव्हा त्याच्याकडे एक प्रश्न असतो: ‘हवामानबदलाचा उष्णकटिबंधीय जंगलांवर काय परिणाम होतो?’ मार्गदर्शक तो शांतपणे ऐकून घेतात. दर उन्हाळ्यात त्यांनी तो ऐकलेला असतो. पहिल्या आठवड्याअखेर प्रश्नातून जंगले जातात आणि बेडूक राहतात. दुसऱ्या आठवड्यात हवामानबदल जातो, कारण आठ आठवड्यांत हवामान बदलून दाखवत नाही. तिसऱ्या आठवड्यात वहीत उरते ते असे: ‘नदीकाठच्या वीस झाडांच्या बुंध्याशी बेडूक किती, आणि नदीपासून लांबच्या वीस झाडांशी किती?’ विद्यार्थ्याला हा अपमान वाटतो. वास्तविक शास्त्राची सुरुवात इथूनच होते; तोपर्यंत चाललेले असते ते भाषण.

मोजणीची तयारी फार शास्त्रीय असते. गुलाबी फितीचे रीळ, पावसात न भिजणारी वही, कॅलिपर, डोक्याला बांधायचा दिवा. झाडाला फीत बांधायची, तिच्यावर क्रमांक घालायचा, पुढच्या झाडाकडे जायचे. वादळी पावसाने सतरा क्रमांकाचे झाड आडवे होते आणि फीत कुठल्यातरी वेलीला सापडते. सोबत सारापिकीतच वाढलेला एखादा स्थानिक सहायक असतो. विद्यार्थी गुडघ्यावर बसून पाने उलटत असताना सहायक उभ्यानेच शेजारच्या खोडाकडे बोट दाखवतो. बेडूक तिथे असतो. मोजणीच्या पद्धतीत या बोटाचे काय करायचे, हे पाठ्यपुस्तकात दिलेले नाही.

विद्यार्थ्यांचा आवडता बेडूक म्हणजे ‘स्ट्रॉबेरी पॉयझन डार्ट’. हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा, अंगाने लालभडक आणि पायांनी निळा असतो. त्याला तिकडे ‘ब्लू जीन्स’ म्हणतात, आणि अमेरिकी तरुणाला जवळचा वाटावा असा पोशाख या जंगलात दुसऱ्या कोणाचा नाही. त्याचे वागणे मात्र अमेरिकी नाही. मादी अंड्यांतून निघालेली पिल्ले एकेक करून पाठीवर घेते आणि पानांच्या बेचक्यांत साठलेल्या चमचाभर पाण्यात प्रत्येकाला वेगळे नेऊन सोडते. मग फेऱ्या सुरू होतात. ती बेचक्यात मागच्या मागे उतरते, पाण्यातले पिल्लू अंग ताठ करून थरथरते, आणि ती त्याच्यासाठी एक न फळलेले अंडे घालून निघून जाते. पिल्लाचा आहार एवढाच. हे सारे पाहण्यासाठी विद्यार्थी एका ब्रोमेलिया वनस्पतीसमोर तीन-तीन तास बसून असतो. मानेवरून पाणी ओघळत असते, हातावर डास असतो, आणि हात हलवला तर मादी जाईल म्हणून डासाला अभय मिळते.

या डासाचे एक वेगळे प्रकरण आहे. ‘टॉर्सालो’ नावाची माशी आपली अंडी स्वतः माणसापर्यंत नेत नाही. ती डासाला पकडते, त्याच्या पोटाखाली अंडी चिकटवते आणि सोडून देते. डास चावायला बसला की अंगाच्या उबेने अंडे फुटते आणि अळी कातडीत शिरते. तिथे ती पाच ते दहा आठवडे राहते. योजनेची मुदतही साधारण तेवढीच. श्वासासाठी ती एक बारीक भोक ठेवते, म्हणून ते पेट्रोलियम जेलीने बुजवण्याचा उपाय केला जातो. काही विद्यार्थी उपाय करतात. काही अळीला नाव ठेवतात आणि रोज मापे घेतात. संशोधनाचे वेड खरोखर कोणाला लागले आहे, हे मार्गदर्शकांना इथे कळते.

‘बाला’ किंवा बुलेट अँट ही मुंगी सुमारे इंचभर लांब असते. तिच्या डंखाची कळ चोवीस तास टिकू शकते. जस्टिन श्मिट या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने अनेक कीटकांचे डंख सोसून वेदनेची एक ते चार अशी मोजपट्टी तयार केली. तिच्यात बाला चाराच्याही वर बसते. या कामाबद्दल त्यांना २०१५ मध्ये ‘इग नोबेल’ विभागून मिळाले. बाला झाडांच्या बुंध्यांवर वर-खाली करत असते, आणि विद्यार्थ्यांचे बेडूकही, वर सांगितल्याप्रमाणे, बुंध्याशीच असतात. टेर्सिओपेलो या विषारी सापाची गोष्ट वेगळी. त्याबाबत विनोद करण्याची केंद्रावर पद्धत नाही: पाय कुठे पडतो ते पाहायचे, हात कुठेही टेकायचा नाही. कोस्टा रिका सर्पविषावरचे औषध देशातच तयार करतो, हे पालकांना जाण्याआधी सांगावे. आल्यावर सांगितले तर आणखी प्रश्न निघतात.

सहाव्या-सातव्या आठवड्यात आकडे संगणकात जातात आणि विद्यार्थी जंगलापेक्षा तिथे अधिक हरवतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात, दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे मानायला ०.०५ ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. तेव्हापासून ०.०४९ आलेला रात्री नाचतो आणि ०.०६ आलेला गच्चीवर जाऊन बसतो. बेडूक दोघांचेही तितकेच असतात. शेवटी एक छोटी परिषद भरते. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे मिळतात, त्यांतली दोन मिनिटे सहायकाचे आभार मानण्यात आणि तीन मिनिटे ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे सांगण्यात जातात. हे वाक्य नेहमी खरे असते. नमुने मात्र बरोबर नेता येत नाहीत. १९९८ च्या जैवविविधता कायद्याने कोस्टा रिकात अशा गोष्टींना परवाने लागतात, आणि परवान्यासाठी तोंडाशी आलेले विमान थांबत नाही.

एवढ्या खटाटोपातून जगाला काय मिळते? एका विद्यार्थ्याच्या एका उन्हाळ्यातून बहुतेक वेळा काहीच नाही, आणि हे स्पष्ट म्हटलेले बरे. परंतु ला सेल्वात मोजणारे बदलत राहिले तरी मोजणी चालू राहिली. डेबोरा आणि डेव्हिड क्लार्क या दांपत्याने १९८४ पासून तीच ती झाडे दरवर्षी मोजली. २००० सालापर्यंतचे आकडे समोर ठेवल्यावर दिसले, की ज्या वर्षी रात्री अधिक उबदार, त्या वर्षी झाडांची वाढ कमी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालापाचोळ्यातल्या बेडकांच्या आणि सरड्यांच्या ३५ वर्षांतल्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. १९७० पासून त्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटली होती, तीही राखीव जंगलात, जिथे कुऱ्हाड चाललेली नव्हती. जमिनीवरचा पाचोळाच हवामानामुळे कमी होत असावा, असा अभ्यासकांचा तर्क होता. सुरुवातीच्या आठवड्यांत विद्यार्थ्याकडून काढून घेतलेला मोठा प्रश्न तो हाच. त्याचे उत्तर पाने उलटून बेडूक मोजणाऱ्यांच्या वह्यांतून निघाले, फक्त ३५ वर्षांनी.

अर्ज करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. आरईयूचा पैसा अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो. पुण्या-कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी टपालखर्च करू नये. त्यांना आंबोली जवळ आहे. पाऊस ला सेल्वापेक्षा जास्त, टॉर्सालोऐवजी जळवा, आणि मोजायला ‘आंबोली टोड’, जो २००९ मध्ये शास्त्राने नवी प्रजाती म्हणून नोंदवला आणि जगात दुसरीकडे शोधूनही सापडणे अवघड आहे. गमबूट घरूनच न्यावेत.