फोटोत सगळं साफ

भाईंदरजवळच्या उत्तनमधल्या धावगी डोंगरावरच्या कचऱ्याविरुद्ध गावकऱ्यांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. मी फोटोग्राफर, तोच कचरा फोटोशॉपच्या हीलिंग ब्रशने दोन मिनिटांत उचलतो, धुरासकट.

प्री-वेडिंगवाल्यांना समुद्र हवा असतो, पण निळा. इथलं पाणी वसईच्या खाडीच्या गाळाने मातकट; मग मालदीवचं चढवायचं. मागे बोंबील वाळत असतात. ‘दादा, ते मासे काढा ना!’ काढतो. शूट संपल्यावर तेच जोडपं विचारतं, ‘इथे बोंबील फ्राय चांगले कुठे मिळतात?’

नवरी दोन छटा उजळ करणं, नवऱ्याचं पोट आत घेणं हे पॅकेजातच येतं. एका मामांनी मात्र अल्बममधून अख्खे धाकटे काका काढायला लावले. त्याचे वेगळे पैसे घेतले. भाऊबंदकी पुसायला मेहनत जास्त लागते.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून इथला धारावी किल्ला घेतला. आता त्याच किल्ल्याच्या बुरुजाआड आमचा पोऱ्या दबा धरून बसतो, नवरीचा गाऊन वाऱ्यावर उडवायला.

तेव्हा मंडळी, अल्बम बघून इकडे फिरायला यायचं ठरवलंत, तर आधी एक फोन करा. ओरिजिनल फाइल पाठवतो.