तंबू कसा निवडावा : शेवगावकर नवशिक्यांसाठी

पात्रता. वय कितीही चालतं. शेतात, खळ्यावर, गच्चीवर किंवा वारीत ट्रकच्या ताडपत्रीखाली झोपण्याचा अनुभव असल्यास तो लपवावा. तंबूवाला त्याबद्दल पैसे कमी करत नाही, उलट ‘मग इथं कशाला आलात’ असा चेहरा करतो.

साहित्य. एक पुण्याचा मेहुणा. तो नसेल तर हे मार्गदर्शन इथंच मिटून ठेवावं, कारण त्याच्याशिवाय शेवगावातलं एखादं घर आपण होऊन तंबूत राहायला निघाल्याचं ऐकिवात नाही. मेच्या अखेरीस त्याचा फोन येतो, ‘दाजी, काजवे बघायला भंडारदऱ्याला जाऊ. टेंट बुक करू का?’ हो म्हणावं. फोन ठेवल्यावर आतून म्हातारी विचारेल, ‘घरच्या पलंगावर ह्याला झोप येईना, आन् तिकडं पैसं मोजून भुईवर पडायचं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. शोधत बसू नये.

भूगोल. भंडारदरा आपल्याच जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. शेवगाव त्याच्या पूर्वेच्या कडेला आणि अकोले तालुका पश्चिमेच्या. नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी गावात पोचायला चार-पाच तास जातात. इकडं जूनमध्ये आभाळाकडं बघून मान दुखते आणि तिकडं घाटघरला जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस कोसळतो. सातबारा सोडला तर दोन्हींत फारसं साम्य नाही.

आता मुख्य प्रश्न : स्वस्त की महाग?

धरणाभोवतीच्या गावांत, म्हणजे शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या पट्ट्यात तंबू दोन जातींचे मिळतात. पहिली जात बुटकी. दोन लवचिक काड्यांवर ताणलेलं कापड, आत ओणवं होऊन शिरायचं, आत पातळ गादी, उशी आणि आधीच्या पाहुण्यांचा वास असलेलं पांघरूण. रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे धरून माणशी हजाराच्या आसपास. तो तिघांचा आहे असं सांगतात. हे माप काढताना कंपनीनं आपल्याकडचा माणूस धरलेला नसतो. दोन मोठे आणि एक बॅग, एवढीच त्याची कुवत. दुसरी जात उंच. आत ताठ उभं राहता येतं, पलंग असतो, पंखा किंवा कूलर असतो, मागं न्हाणीघर जोडलेलं असतं. रात्रीचे चार-पाच हजार आणि पुढं हौस असेल तितके.

या दुसऱ्या जातीत पैसा वाढत जातो तसा तंबू कमी होत जातो. आधी जमीन जाते आणि पलंग येतो. मग अंधार जातो, मग उकाडा जातो, मग चेन जाऊन कडी-कुलूप येतं. शेवटच्या दर्जात कापड फक्त फोटोत दिसण्यापुरतं उरतं. म्हणजे पाच हजार मोजून आपण तंबूत राहत नाही, तंबूत राहण्यापासून सुटका विकत घेतो. ज्याला ती सुटका हवी त्यानं सरळ खोली घ्यावी. शेंडीत लॉज आहेत, तलावाकाठी एमटीडीसीचं निवास आहे. भिंत हवी असणं हा काही गुन्हा नाही.

जाहिरातीतले शब्द वाचायला शिकणं ही पुढची पायरी. ‘लेक टच’ हा त्यातला सगळ्यात महाग शब्द. भंडारदऱ्याचं धरण, म्हणजे प्रवरेवरचं विल्सन डॅम, 1926 साली पुरं झालं आणि त्याच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. साठा 11 टीएमसीच्या आसपास. आता शेवगावच्या शेतकऱ्याला आवर्तन म्हणजे काय हे शिकवायला नको. उन्हाळी आवर्तनं सुटली की काठ मागं सरकतो, आणि नेमका काजव्यांच्या दिवसांत तो पार खाली गेलेला असतो. तंबू मात्र जिथं आहे तिथंच. तेव्हा मेमध्ये ‘लेक टच’ म्हणजे समोर भेगाळलेला गाळ, त्यापलीकडं आणखी गाळ आणि त्यापलीकडं पाणी. उलट तंबू खरोखरच पाण्याला लागून असेल तर तो जलाशयाच्या बुडीत जमिनीवर ठोकलेला आहे असं समजावं. ऑगस्टमध्ये त्या जागी मासे असतात.

जाता जाता एक सांगतो. हेच पाणी निळवंड्यातून, प्रवरेतून खाली येतं, नेवाशाला मुळा त्यात मिसळते आणि टोक्याजवळ, प्रवरासंगमला, ते गोदावरीला भेटून नाथसागरात उतरतं. जायकवाडीचा फुगवटा आपल्या तालुक्याच्या उत्तरेला टेकलेला आहे. म्हणजे लेक टच आपल्याकडं फुकट आहे. फक्त तिथं डोंगर नाहीत आणि मेहुणा येत नाही.

बुकिंगच्या फोनवर ‘सोय काय काय आहे?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर ‘सगळं आहे सर’ असंच येतं. काय विचारायचं हे समजून घ्यायला पुण्याला फोन लावायची गरज नाही. शेवगाव, पाथर्डी आणि शेजारच्या बीडमधून दर दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. बांबू, चटई, पाचट, वर ताडपत्री. कापडाखाली राहण्यातली या भागातली सगळी जाणती माणसं ही. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, जागा कशी बघता? तो चार गोष्टी सांगेल : वारा कुठून येतो, पाणी कुठून वाहील, प्यायचं पाणी किती लांब आहे आणि बायामाणसांना आडोसा कुठं आहे. पलंग, कूलर, तरणतलाव यांतलं काही तो बोलणार नाही. शेवटची गोष्ट सांगताना त्याची बायको मध्ये बोलेल, कारण तिच्या वाट्याला आडोसा बहुतेक वेळा आलेलाच नसतो.

तर या चार गोष्टी फोनवर विचाराव्यात, याच क्रमानं.

वारा. मेच्या अखेरीस वळीव येतो, आणि सह्याद्रीच्या कडेला तो आपल्यासारखा चार टपोरे थेंब टाकून, मातीचा वास सोडून जात नाही. उघड्या माळावरचा तंबू तो उचलतो. झाडांच्या किंवा घराच्या आडोशाची जागा मागावी. पण वठलेल्या झाडाखाली नको.

उतार. तंबू उंचवट्यावर हवा आणि भोवती चर हवा. कोपीवाला तो पहिल्या दिवशी खणतो. तंबूवाला ‘आमच्याकडं पाऊस नाही येत सर’ म्हणतो. ज्या गावाला जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही तिथला माणूस हे म्हणतो तेव्हा दुसरा नंबर लावावा. पोचल्यावर हात लावून एक तपासणी करावी : तंबूला दोन पदर असतात, आतलं झिरझिरीत कापड आणि वरचा पावसाचा पडदा. या दोघांत चार बोटांची फट हवी. ताणण्या ढिल्या होऊन दोन्ही एकमेकांना चिकटले असतील तर पहाटे पाचच्या सुमाराला नाकावर थंड थेंब पडतो. तो पाऊस नसतो. तुमच्या घरच्यांनी रात्रभर सोडलेल्या श्वासाची ती वाफ असते. ताणण्या स्वतः ओढून घ्याव्यात, पोरं झोपलेली असताना नव्हे.

पाण्याचं फार नाही. घरून जार न्यावा.

आडोसा, म्हणजे संडास. स्वस्त तंबूंची खरी परीक्षा इथं होते आणि बहुतेक इथंच नापास होतात. किती तंबूंना किती संडास, नळाला पाणी आहे का पिंपातून घ्यायचं, कडी आतून लागते का, रात्री वाटेवर दिवा आहे का, हे न लाजता विचारावं. वीस तंबूंना दोन संडास असतील तर सकाळी सहा वाजता तिथं जी रांग लागते ती बघून रेशनची आठवण येते, आणि रांगेतला प्रत्येकजण समोरच्या डोंगराकडं बघत निसर्गाचा आस्वाद घेत असल्याचं दाखवतो. जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटतं ते फक्त याच एका गोष्टीसाठी.

जेवण महाग ठिकाणी बुफे असतं आणि त्यात पनीर असतं. स्वस्त ठिकाणी, तंबू गावातल्या घराच्या परड्यात असतील तर, त्या घरातली बाई चुलीवर भाकरी थापते. हा महादेव कोळ्यांचा मुलूख; इथं भात, नागली आणि वरई पिकते. भाकरी नागलीची मागावी. बाजरीची मागितली तर तीही मिळेल, पण ती खायला एवढ्या लांब आलेलो नाही.

आणि आता ज्यासाठी निघालो ते काजवे. पहिल्या मोठ्या पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात. नर उजेडाची खूण करतो, मादी तिला उजेडानंच उत्तर देते. त्यांचं सगळं बोलणं उजेडात चालतं. त्या झाडावर गाडीचा हेडलाइट किंवा मोबाइलचा टॉर्च मारणं म्हणजे दोघं बोलत असताना मध्ये ध्वनिक्षेपक लावणं. महागड्या तंबूगावांत दिव्यांच्या माळा असतात, हॅलोजन असतो, डीजे असतो, आणि मेमध्येसुद्धा पॅकेजात आहे म्हणून कॅम्प फायर पेटवतात; पाहुणे घाम पुसत तिच्याभोवती बसतात. तिथं काजवा फिरकत नाही. हा सगळा टापू 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळं वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं आणि त्यांचे रात्रीचे नियम पाळावे लागतात. ते पाळावेतच. शनिवारी रात्री शेंडी-घाटघर रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, तिच्यात लुकलुकतात ते इंडिकेटर.

निकाल असा. गावातल्या घरामागचा, दिवे नसलेला, उंचवट्यावरचा स्वस्त तंबू घ्यावा, संडास पक्का आहे याची खात्री करून; त्याच घरचं जेवण घ्यावं; अमावास्येच्या आगेमागे, मधल्या वारी जावं. मेहुण्याला शनिवारीच सुट्टी असेल तर त्यानं शनिवारी जावं. म्हातारी बरोबर असेल तर तिला तंबूत ओणवं व्हायला लावू नये. त्याच घरात तिच्यासाठी एक खोली मागावी आणि त्या खोलीच्या पैशात घासाघीस करू नये.