डोळे मिचकावा, जिवंत ठरा
१७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला जेथे नमवले, त्या खर्ड्याचा किल्ला सर करणे एकवेळ सोपे. परंतु दृष्टिहीन खर्डेकराने मोबाइलवर बँकखाते उघडू पाहिल्यास ‘ई-केवायसी’, म्हणजे ग्राहकाची दुरून होणारी ओळखपडताळणी, त्याला कॅमेऱ्यापुढे पापण्या मिचकावून जिवंतपणा सिद्ध करायला सांगू शकते. ॲसिडहल्ल्यामुळे तसे करू न शकणाऱ्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. दिव्यांग हक्क कायद्याखालील सुगम्यतेचा, म्हणजे सर्वांना वापरता येईल अशा रचनेचा, नियम निव्वळ शिफारशीवजा असल्याचे त्याच न्यायालयाला २०२४ मध्ये आढळले होते. (शिफारस हे सरकारी सौजन्याचे सर्वांत स्वस्त रूप होय.) वेबसुगम्यतेची जागतिक मार्गदर्शिका १९९९ पासून उपलब्ध आहे, तीत पापण्या मिचकावण्याची अट नाही.