ती बघ, टेस्टिंगची!

चाकणच्या तळेगाव चौकात वाहतूक तुंबली की निम्मी माणसे हॉर्न वाजवतात, उरलेली नशिबाला बोल लावतात. हा गाड्यांचा पारखी एकटाच खूश होतो. कारण त्या रांगेत काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांत गुंडाळलेली टेस्टिंगची एखादी गाडी हमखास अडकलेली असते आणि तिला पळायला आता वाव नसतो. मोटारसायकल स्टँडवर लावून हा उतरतो, भर रस्त्यात उकिडवा बसतो आणि गाडीच्या पोटाखाली डोकावतो. "सायलेन्सर नाय. इलेक्ट्रिक ए." मग चाकाचे नट मोजतो. मग मागच्या दिव्यावरच्या काळ्या टेपची फट शोधतो. तोवर काच वर जाते आणि आत मांडीवर लॅपटॉप घेतलेला इंजिनिअर डॅशबोर्डवर काळे कापड ओढतो. इतक्या लगबगीने लोक फक्त वर्गणीवाले जिना चढताना दिसले की दार लावतात.

पिंपरी-चिंचवडमध्ये असा पारखी घरटी एक निघतो. पिंपरीला टाटा मोटर्स, आकुर्डीला बजाज आणि फोर्स, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. शिवाय गाड्या तपासणारी 1966 सालची एआरएआय ही संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर. नवी गाडी आधी ट्रॅकवर पळवतात. पण ट्रॅकवर मोशीचे खड्डे नसतात, कांद्याचा टेम्पो नसतो आणि उलट्या बाजूने निवांत येणारा रिक्षावाला तर नसतोच. त्यासाठी तिला नाशिक रस्त्यावरच यावे लागते.

पट्ट्यांची युक्ती पहिल्या महायुद्धातली. जहाजाचे तोंड नेमके कुठल्या दिशेला आहे हे जर्मन पाणबुड्यांना कळू नये, म्हणून 1917 साली नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजे अशी चट्ट्यापट्ट्यांनी रंगवायची कल्पना काढली. पाणबुडीवाले फसले असतील. मोशीच्या टपरीवरचा हा माणूस फसत नाही. "सिएरा. मागच्या काचेवरनं कळतंय," असे त्याने पट्टे निघायच्या किती तरी आधी सांगितले होते, आणि ते खरे निघाले. अंदाज चुकला तरी तो चुकत नाही. "कंपनीनं नंतर डिझाइन बदललं," एवढेच म्हणतो.

या पंथाला ज्येष्ठ मंडळीही आहेत. टाटांची इंडिका 1998 च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत जगासमोर आली. पण ती त्याआधीच आपल्या डोळ्यांनी पाहिली नव्हती, असे कबूल करणारा कामगार निवृत्त होऊन पिंपरीत राहत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

खरी गंमत टपरीवर बघावी. पारख्याच्या शेजारी वडापाव खात बसलेला मुलगा भोसरीच्या एका वर्कशॉपात मोल्डिंग मशिनवर असतो. त्या टेप लावलेल्या दिव्याची काच त्याच्याच मशिनमधून निघते. त्याला सगळे माहीत आहे; पण कागदावर सही झालेली आहे आणि गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला रोज स्टिकर लागतो. "एलईडी नाय देणार, हॅलोजनच असणार," पारखी त्यालाच समजावतो. "असंल," म्हणून तो मुकाट्याने तळलेली मिरची खातो. पलीकडे टेस्टिंगचा ड्रायव्हर गाडीचे तोंड भिंतीकडे करून चहाला उतरलेला असतो. त्याला विचारले तर, "आपल्याला काय माहीत साहेब, आपण नुसती चालवतो." अख्ख्या पट्ट्यात गुपित ठाऊक असणारे गप्प आणि ठाऊक नसणारा एकटाच बोलतोय, असा हा कारभार.

पारख्याच्या घरी मात्र गाडी नाही. पैशांची अडचण नाही, पार्किंगही पैसे भरून घेतलेले आहे. सध्या त्यात शेजाऱ्याची स्कूटर असते. दर दिवाळीला बुकिंगचे ठरते आणि दर दिवाळीच्या तोंडावर त्याच मॉडेलचा फेसलिफ्ट याला चाकणला पट्ट्यांत दिसतो. "आत्ता घेतली तर चार महिन्यांत जुनी होईल," हे वाक्य बायकोला आता पाठ झाले आहे. तेव्हा गाडी घ्यायची असेल तर सरळ शोरूममध्ये जा, पैसे भरा, पेढे वाटा. याला कळवा, पण गाडी दारात आल्यावर.